शोकसभेत विचारला गेलेला प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमची एक शाळासोबतीण नुकतीच फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. तिचे नाव मी या पत्रात लिहीत नाही, कारण तिच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. पत्र लिहिण्याचे कारण असे की, ती गेल्याचे ज्यांना ज्यांना कळवले, त्यांतल्या कितीतरी जणांनी हळहळ व्यक्त करण्याआधी, किंवा हळहळीच्या पाठोपाठ, एकच प्रश्न विचारला : "फुप्फुसाचा? म्हणजे ती सिगारेट ओढायची का?" शोकसभेत तिच्या मुलीलाही हा प्रश्न विचारला गेला. विचारणारी माणसे वाईट नव्हती, आमच्याइतकीच दुःखी होती. तरीही त्या मुलीला आईच्या निधनाच्या आठवड्यात आईच्या सवयींचा खुलासा करावा लागला, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या प्रश्नाने काय काय बिघडते, हे आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे सविस्तर मांडावे असे मला वाटते.

पण आधी ती कोण होती, ते लिहिते. शाळेत असताना वर्गातल्या प्रत्येकाचा हजेरी क्रमांक तिला तोंडपाठ होता आणि पुढे आम्हा सगळ्यांचे केस पिकले तरी तो तिने सोडला नाही. दूरध्वनी उचलल्यावर ती नावाने हाक मारत नसे. "काय एकोणीस, आवाज का बसलाय?" अशी तिची सुरुवात असायची, आणि समोरच्याच्या आवाजावरून त्याचे काही बिनसले आहे, हे तिला बहुतेक वेळा बरोबर कळायचे. कोण कोणत्या गावी गेले, कुणाचे आईवडील आजारी आहेत, कुणाशी कुणाचे वाजले आहे, हे सारे तिच्याकडे नोंदलेले असे, पण एकाची गोष्ट तिने दुसऱ्याच्या कानावर कधी घातली नाही.

आमच्या वर्गात एका मुलाची दृष्टी फार अधू होती. फळ्यावरचे त्याला काहीच दिसत नसे आणि पुस्तक नाकाशी धरले तरी ओळी एकमेकींत मिसळत. शिक्षकांनी कुणाला काही सांगितले नव्हते, तरी एके दिवशी मधल्या सुट्टीत ती त्याच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने इतिहासाचे पुस्तक मोठ्याने वाचायला घेतले. ते वाचन शाळा संपेपर्यंत चालले. सनावळ्या आल्या की ती थांबे, त्याच्याकडून त्या दोनदा म्हणवून घेई आणि मगच पुढे जाई. भूमितीच्या वेळी तर तिने स्वतःचीच एक युक्ती काढली होती : त्याचा तळहात पुढे घेऊन ती त्यावर बोटाने त्रिकोण काढायची, शिरोबिंदूंवर बोट टेकवून त्यांची नावे सांगायची आणि मग त्यालाच लंब कुठे टाकायचा ते विचारायची. तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला आणि आज वकिली करतो. तिने कुणावर काही उपकार केले, असे तिच्या बोलण्यात कधी आले नाही. उलट, "मोठ्याने वाचल्यामुळे माझाच अभ्यास पक्का झाला," असे ती म्हणे आणि ते खरेही असावे, कारण पुढे ती गणिताची शिक्षिका झाली.

शिक्षिका म्हणूनही तिची एक रीत होती. फळ्यावर एखाद्या विद्यार्थ्याचे गणित चुकले, तर ती ते पुसू देत नसे. नेमकी कोणत्या पायरीवर वाट चुकली, हे वर्गाने शोधून काढेपर्यंत ते तसेच राहायचे, आणि ज्याने चूक केली त्याला ती शोधण्याचा पहिला हक्क असायचा. तिच्या विद्यार्थ्यांकडून हे मी अनेकदा ऐकले आहे. ती सर्वांशी गोड बोलणारी होती असे मात्र नाही. उशिरा येणाऱ्याला, आश्वासन देऊन विसरणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या व्यंगावर हसणाऱ्याला ती सर्वांसमक्ष सुनावत असे. तिच्या या फटकळपणाचा आमच्यापैकी अनेकांना राग येई, पण अडचणीच्या वेळी पहिला दूरध्वनी तिलाच जायचा.

तिच्या आजाराची सुरुवात खोकल्याने झाली. शाळेत खडूची धूळ, सतत बोलणे, बदलता ऋतू, पित्त अशी खोकल्याची कितीतरी कारणे हाताशी होती आणि ती एकामागून एक देऊन झाली. त्यानंतर तिचा आवाज घोगरा झाला. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या बाईचा आवाज बसला तर त्यात नवल ते काय, असेच सगळ्यांना वाटले आणि तिला विश्रांती घ्यायला सांगण्यात आले. तपासणाऱ्यांपैकी कुणीतरी तिला विचारले होते की, धूम्रपान करता का, आणि तिने नाही म्हटल्यावर, मग छातीची काळजी करण्याचे कारण नाही, असे सांगितले होते. मला त्या व्यक्तीला दोष द्यायचा नाही. तपासणाऱ्यांनी सवय विचारणे योग्यच आहे. पण 'नाही' या एका उत्तराने दार बंद झाले आणि ते बरेच महिने बंद राहिले. शोकसभेत तिच्या मुलीला विचारला गेलेला प्रश्न आणि तपासणीच्या खोलीत विचारला गेलेला हा प्रश्न, दोन्हींच्या मागे एकच समजूत आहे : फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांचा आजार. शोक करताना ही समजूत माणसाला दुखावते आणि निदान करताना ती वेळ खाते.

अखेर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा स्वरयंत्रातील डावा स्वरतंतू हलत नसल्याचे आढळले आणि मग छातीचा सीटी स्कॅन झाला. आवाज बसण्याचा आणि छातीचा संबंध काय, हे आम्हाला तेव्हा कळले. ते वाचकांनाही माहीत असावे. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून थेट घशात जात नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. त्या वळणाजवळ फुप्फुसातील गाठ किंवा सुजलेल्या लसिका ग्रंथी असतील, तर नस दाबली जाते आणि घसा अगदी निरोगी असतानाही आवाज जातो. जिच्या आवाजावर एक मुलगा शाळा शिकला, तिच्या आजाराची खूण आवाजातच उमटावी, याचे दुःख आम्हाला वेगळेच झाले.

दुसरीही एक गोष्ट आहे. फुप्फुसाच्या आतील ऊतींना वेदना कळत नाही. गाठ वाढत जाऊन छातीच्या आतल्या बाजूच्या आवरणाला, बरगडीला किंवा एखाद्या नसेला भिडते, तेव्हा दुखू लागते. तोपर्यंत शरीर गप्प असते किंवा खोकल्यासारख्या रोजच्या भाषेत बोलते. म्हणूनच फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांचे निदान आजार पसरल्यावर होते. आमच्या मैत्रिणीचेही चौथ्या टप्प्यात झाले. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे २५ लाख लोकांना हा कर्करोग झाला आणि सुमारे १८ लाख लोक त्याने मरण पावले. इतके मृत्यू अन्य कोणत्याही कर्करोगाने होत नाहीत.

धूम्रपान हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही आणि या पत्राचा तसा अर्थ कुणी काढू नये. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी, रुग्णांच्या सवयींची पद्धतशीर तुलना करून सिगारेटचा या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. डॉल यांना सुरुवातीला मोटारींच्या धुराचा किंवा रस्त्यावरील डांबराचा संशय होता. हाती आलेली माहिती पाहून अभ्यास चालू असतानाच त्यांनी स्वतः सिगारेट सोडली. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांच्या, अहवालाने हे सत्य सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवले आणि त्यानंतर तंबाखूच्या विरोधात झालेल्या कामामुळे असंख्य माणसे वाचली. ते काम पुढेही जोमाने व्हायलाच हवे.

परंतु जगभरातील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे १० ते २५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते, ही गोष्ट तितक्याच ठामपणे सांगितली गेली नाही. अशा रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे असते आणि आशियाई देशांत ते विशेष दिसते. धूम्रपान न करणाऱ्यांना होणारा हा कर्करोग एक स्वतंत्र रोग म्हणून मोजला, तर कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या पहिल्या सात कारणांत तो बसतो. ज्या आजाराने इतकी माणसे दगावतात, त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

त्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी श्वासाबरोबर, माणसाच्या इच्छेविना आत येतात. १९८१ साली जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी दाखवले की, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या, पण भरपूर सिगारेट ओढणाऱ्या पतीबरोबर राहणाऱ्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका अधिक असतो. जमिनीतून झिरपून बंद घरांत साठणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू, ॲस्बेस्टॉसचे तंतू, घरात कोळसा जाळल्याने होणारा धूर आणि डिझेलचा धूर ही सिद्ध झालेली कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑन येथील कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलच्या धुराला, आणि ऑक्टोबर २०१३मध्ये घराबाहेरील प्रदूषित हवेला, तंबाखू ज्या पहिल्या गटात आहे त्याच गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या गटात, समाविष्ट केले. सिगारेट नाकारता येते, पण हवा नाकारता येत नाही.

हवेतील सूक्ष्म कण नेमके काय करतात, याविषयी लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३मध्ये महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. ते वाचून आमच्यातल्या अनेकांच्या मनातला एक गुंता सुटला. वयानुसार निरोगी माणसाच्या फुप्फुसातही काही पेशींमध्ये जनुकीय बदल घडलेले असतात, आणि त्यांतले काही बदल कर्करोगाशी जोडलेले असतात, तरी त्या पेशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. प्रदूषित हवेतील अतिसूक्ष्म कणांमुळे फुप्फुसात दाह निर्माण होतो आणि त्या दाहातून सुटणारी रसायने या निपचित पेशींना वाढीला लावतात, असे या संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले आणि माणसांच्या नोंदींशी ते ताडून पाहिले. आमच्या मैत्रिणीच्या बाबतीत नेमके काय घडले, हे कोणीच सांगू शकणार नाही. एकट्या रुग्णाच्या आजाराचे कारण बोट ठेवून दाखवता येणे बहुधा शक्यच नसते, आणि म्हणूनच शोकसभेत त्याचा शोध घेणे निरर्थक ठरते.

तिच्या गाठीच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकातील बदल सापडला. धूम्रपान न केलेल्या रुग्णांमध्ये तो तुलनेने अधिक आढळतो. या बदलाचे महत्त्व २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ओळखले आणि त्यावर नेमके काम करणाऱ्या गोळ्या तेव्हापासून सुधारत गेल्या. अलीकडच्या ओसिमर्टिनिब या गोळीच्या मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांचा आजार सुमारे १९ महिने वाढला नाही. त्याआधीच्या गोळ्यांवर हा काळ सुमारे १० महिन्यांचा होता. तिलाही अशा गोळीने चांगला काळ मिळाला. चेहऱ्यावर पुरळ आले, नखांच्या कडा सुजून दुखू लागल्या, तोंड आले, हे सगळे तिने सोसले, पण ती चालती-फिरती झाली, आवाजही काहीसा सुधारला आणि ती पुन्हा शिकवू लागली. वर्गाच्या मेळाव्यात तिने सगळ्यांची हजेरी घेतली, अर्थात क्रमांकांनीच. आधी गेलेल्या सोबत्यांचे क्रमांकही तिने पुकारले आणि प्रत्येक वेळी थोडे थांबून मगच ती पुढच्या क्रमांकावर गेली. पुढे आजाराने औषधाला चकवण्याची वाट शोधली. या गोळ्यांच्या बाबतीत बहुतेकदा हे घडतेच आणि डॉक्टरांनी ते तिला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते.

आता ज्या प्रसंगासाठी मी खरे तर लेखणी हाती घेतली, तो सांगते. उपचारांच्या काळात एकदा मी तिच्याबरोबर रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात बसले होते. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, त्यांनाही हाच आजार होता. बोलता बोलता त्यांनी, कुणी न विचारताच, खालच्या आवाजात सांगितले की, आपण तरुणपणापासून सिगारेट ओढत होतो, तेव्हा जे झाले ते आपल्याच कर्माने झाले. मग त्यांनी तिला विचारले, "ताई, तुम्हालाही सवय होती का?" तिने कधीही सिगारेटला हात लावला नव्हता आणि ते सांगण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. तिने ते सांगितले नाही. ती म्हणाली, "काका, आपल्या दोघांचा खोकला एकच आहे. औषध कधी घेता ते सांगा." बाहेर आल्यावर मी तिला म्हटले की, खरे का सांगितले नाहीस. त्यावर ती म्हणाली, "मी नाही म्हटलं असतं तर त्या खोलीत एक निर्दोष आणि एक दोषी बसलेले झाले असते. मला त्या खोलीत दोन आजारी माणसंच हवी होती."

हे ऐकल्यापासून तिची बाजू मांडताना माझी अडचण होते. तिने कधी धूम्रपान केले नाही, हे मी या पत्रात लिहिले, कारण त्याशिवाय निदानाला उशीर का झाला, ते सांगता येत नव्हते. पण तेवढ्यावर थांबले तर तिला जे नको होते तेच होईल : ती सहानुभूतीस पात्र ठरेल आणि ते काका ठरणार नाहीत. माणसे धूम्रपानाला बहुतांशी कोवळ्या वयात लागतात, जेव्हा पुढच्या परिणामांचा विचार करण्याइतकी समज आलेली नसते. निकोटीन हे अत्यंत व्यसन लावणारे द्रव्य आहे आणि ते विकणाऱ्या उद्योगाने संशोधनातून बाहेर आलेले धोके कित्येक दशके जाणूनबुजून झाकून ठेवले, हे अमेरिकेतील न्यायालयांत सिद्ध झालेले आहे. अशा सापळ्यात सापडलेल्या माणसाला मरणाच्या दारात हिशेब विचारणे मला अमानुष वाटते. हृदयविकाराने गेलेल्याच्या घरी जाऊन तो काय खात होता, असे आपण विचारत नाही. अपघातात गेलेल्याच्या आईला, तो वेगाने चालवत होता का, असे विचारणाऱ्याला आपण गप्प करतो. मग हाच आजार झालेल्यांच्या वाट्याला ही उलटतपासणी का यावी?

याचे उत्तर मला असे वाटते की, विचारणाऱ्याला रुग्णाविषयी काही जाणून घ्यायचे नसतेच. त्याला स्वतःविषयी दिलासा हवा असतो. 'होय, ओढायची' असे उत्तर मिळाले की, मी ओढत नाही, म्हणजे मी सुरक्षित आहे, हा हिशेब जुळतो. ही भीती मी समजू शकते, मलाही ती वाटते. पण तिचे ओझे शोकात असलेल्या घराने का वाहायचे? शिवाय या प्रश्नाचे दुष्परिणाम तेवढ्यावर थांबत नाहीत. लाज वाटते म्हणून रुग्ण आजार लपवतात, खोकल्याला खोकलाच म्हणत राहतात, तपासणीला उशिरा जातात, कुणी नातेवाईक भेटायला आले तर आजाराचे नाव बदलून सांगतात. ज्यांनी धूम्रपान केले, त्यांच्यापैकी काहींना तर आपण उपचार मागण्यालाही पात्र नाही, असे वाटू लागते. त्या काकांचा खाली गेलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

तिच्या शेवटच्या काळाविषयी थोडेच लिहिते, पण एक गोष्ट वाचकांच्या उपयोगाची आहे. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना, धाप, मळमळ, झोप न येणे आणि मनाची घालमेल यांवर केले जाणारे उपशामक उपचार, 'आता काही करण्यासारखे उरले नाही' असे म्हटल्यावरच सुरू करायचे असतात, हा मोठा गैरसमज आहे. २०१० साली बॉस्टनमधील डॉ. जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदान झाल्याबरोबर, कर्करोगावरील नेहमीच्या उपचारांच्या जोडीनेच, ज्यांना उपशामक उपचार मिळाले, त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले, आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांच्यावर दमवणारे उपचार कमी झाले. त्यांच्यातले निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून अधिक जगले, तर फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात हा काळ ८.९ महिन्यांचा होता. तिने हे वाचले होते आणि चौथ्या टप्प्याचे निदान ऐकल्याच्या पहिल्याच महिन्यात तिने त्यांची मागणी केली. मॉर्फिनचे नाव काढल्यावर घरची माणसे घाबरली, तेव्हा तिनेच त्यांना समजावले की, योग्य मात्रेत आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन धापही कमी करते आणि दुखणेही, त्याने मरण लवकर येत नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती शुद्धीवर होती आणि ज्याला तिने एकेकाळी वाचून दाखवले होते, तो आमचा वकील मित्र तिच्या खाटेशी बसून तिला वाचून दाखवत असे. ब्रेल लिपीवरून वाचताना त्याची बोटे चालत आणि ती डोळे मिटून त्याचे उच्चार सुधारत असे.

आता आपणास आणि आपल्या वाचकांस काही विनंत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाविषयीचा मजकूर छापताना प्रत्येक वेळी पेटत्या सिगारेटचे चित्र देण्याची प्रथा आपल्या आणि इतर वृत्तपत्रांनी सोडावी. तंबाखूविरोधी लेखांत ते चित्र अवश्य असावे, पण आजाराच्या बातमीत ते असले की, न ओढणारा वाचक 'हे माझ्यासाठी नाही' असे समजून पान उलटतो. निधनवार्तेत किंवा श्रद्धांजलीच्या लेखात मृताच्या सवयींचा उल्लेख करू नये, मग ती सवय असो वा नसो.

आणि पुढील लक्षणे ठळकपणे छापावीत. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला किंवा स्वरूप बदललेला खोकला. खोकल्यातून रक्त येणे, मग ते थेंबभर का असेना. कारणाविना बसलेला आणि तीन आठवड्यांत न सुधारलेला आवाज. नव्याने लागलेली धाप. एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. खांद्यात किंवा छातीत सतत राहणारे दुखणे. प्रयत्न न करता घटणारे वजन. यांतले काहीही आढळले, तर धूम्रपान करत असा वा नसा, छातीची तपासणी मागून घ्यावी आणि एका औषधाने बरे वाटले नाही, तर पुन्हा जावे. या लक्षणांची कारणे बहुतेक वेळा साधीच निघतात, हेही मी लिहिते, कारण कुणालाही घाबरवण्याचा माझा हेतू नाही.

सर्वांनीच दरवर्षी सीटी स्कॅन करून घ्यावा, असे मात्र मी सुचवत नाही. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५३ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत कमी किरणोत्सर्गाच्या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, पण ती चाचणी दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांवर झाली होती. तैवानने २०२२पासून, या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांनाही, ते धूम्रपान करत नसले तरी, राष्ट्रीय तपासणी योजनेत घेतले आहे. सरसकट तपासणीत निरुपद्रवी गाठीही सापडतात आणि त्यांपायी अनावश्यक शस्त्रक्रिया होतात. तेव्हा घरात जवळच्या नात्यात हा आजार झालेला असेल, तर तज्ज्ञांशी बोलून निर्णय घ्यावा. आमच्या मैत्रिणीच्या मुलीने तसा सल्ला घेतला आहे.

तिच्या मुलीला पुन्हा कुणी तो प्रश्न विचारला, तर काय म्हणायचे, हे तिने आम्हाला विचारले होते. आम्ही सोबत्यांनी एकमताने तिला सांगितले की, उत्तर देण्याचे बंधन तुझ्यावर नाही, "आई गणित शिकवायची," एवढेच सांग आणि ऐकणाऱ्याला वेळ असेल तर आईविषयी बोल.

जागेअभावी हे पत्र कमी करावे लागले, तर माझी मते आणि आकडे गाळण्यास माझी हरकत नाही. लक्षणांचा परिच्छेद आणि प्रतीक्षाकक्षात तिने काकांना दिलेले उत्तर, हे दोन्ही मात्र कृपया ठेवावे.

आपली नम्र,
तिची एक वर्गमैत्रीण
(हजेरी क्रमांक १९)